पाच पीसी, तीन लायसन्स आणि दादांचा पॅटर्न

डिप्लोमा झाल्यावर मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवणाऱ्या कारखान्यात, लागलो. डिझाइनच्या खोलीत पीसी पाच, कॅडची (ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमची) लायसन्स तीन. फौंड्रीवाल्यांची घाई सुरू झाली की पाचही खुर्च्या भरायच्या आणि दोघं नुसतेच बसून राहायचे. 'पोराला कॉम्प्युटरमधलं कळतंय' म्हणून लायसन्स सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. मला तेव्हा त्यातलं शून्य कळत होतं.

अशा कामावर नवीन असाल तर आधी एवढं समजून घ्या. नेटवर्क लायसन्स पीसीवर नसतं, सर्व्हरवर असतं. प्रोग्रॅम उघडला की त्यातलं एक उचलतो, बंद केला की परत ठेवतो. तालमीत मुद्गलाच्या जोड्या तीन आणि पैलवान पाच, तसला प्रकार. आमच्याकडं ही वाटणी सांभाळायला फ्लेक्सनेट नावाचा प्रोग्रॅम होता. त्यात 'एलएमस्टॅट' कमांड दिली की कोणत्या युजरनं, कोणत्या पीसीवर, किती वाजल्यापासून लायसन्स धरलंय ते दिसतं. त्या पीसीवरचं काम सेव्ह केलंय का, हे मात्र सर्व्हरला ठाऊकच नसतं. माझा घात इथंच झाला.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी आमचे सीनियर दादा डबा खायला गेले होते. शेजारच्याला तातडीनं ड्रॉइंग उघडायचं होतं. मी यादी बघितली, दादांचा पीसी सकाळपासून लायसन्स धरून बसलेला. दिली 'एलएमरिमूव्ह'. ही कमांड दुसऱ्याच्या हातातलं लायसन्स काढून घेते. प्रोग्रॅम चालू असेल तर तो थोड्या वेळात परत मागायला येतो, शिल्लक असेल तर त्याला मिळतंही. पण तेवढ्यात शेजाऱ्यानं ते उचललं होतं. दादा हात पुसत आले तर स्क्रीनवर लायसन्स नसल्याचा मेसेज, आणि प्रोग्रॅम बंद करण्याशिवाय दुसरं काही करूच देईना. पंपाच्या केसिंगचा पॅटर्न, कोअरप्रिंटसकट (साच्यात कोअर टेकायच्या जागा), सकाळपासूनचा. ऑटोसेव्ह शोधला तर 'पीसी अडकतो' म्हणून कुणीतरी कधीच बंद केलेला. दादा मला एक शब्द बोलले नाहीत. चार वाजताचा चहा तसाच ठेवून पहिल्या रेघेपासून परत बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक मॉनिटरवर त्या पीसीचं नेटवर्कमधलं नाव चिकटवलं. आमच्याकडं सगळे एकाच लॉगिननं बसायचे, त्यामुळं यादीत तोच युजर तीनदा दिसायचा आणि नक्की कोणाची खुर्ची ते कळायचं नाही. मग ऑटोसेव्ह. ऑटोकॅडमध्ये 'सेव्हटाइम' मुळात 10 मिनिटांचा असतो, शून्य केला की बंद. तो मी सगळीकडं 5 वर आणला. ती फाइल टेम्प फोल्डरमध्ये जाते, शेवटी एसव्ही आणि डॉलरचं चिन्ह असतं. नाव बदलून शेवटी डीडब्ल्यूजी केलं की उघडते. प्रोग्रॅम नीट बंद झाला तर मात्र ती आपोआप पुसली जाते, तेव्हा तिच्या भरवशावर 'सेव्ह करायचं का'ला 'नो' दाबू नका. ज्या लॅबमध्ये रीस्टार्ट केला की पीसी मूळ स्थितीत जातो, तिथं तीही वाचत नाही.

रिकाम्या बसलेल्या प्रोग्रॅमकडून लायसन्स आपोआप काढायची सोय सर्व्हरच्या सेटिंगच्या, म्हणजे ऑप्शन्स फाइलमध्ये असते, 'टाइमआउट'. आकडा सेकंदांत लिहायचा, 900 च्या खाली तो जात नाही. मी उत्साहानं 900 च लिहिला होता. मिसळ खायला पंधरा मिनिटं पुरतात का? आता 5400 आहे. फाइलमध्ये असला बदल केला की सर्व्हर बंद-चालू करू नका, 'एलएमरीरीड' द्या, म्हणजे तो फाइल परत वाचतो. बंद-चालू केलात तर काम करणारे अडकू शकतात.

आणि 'एलएमरिमूव्ह' आता फक्त पीसी हँग झाला किंवा लाइट गेल्यावर लायसन्स अडकून राहिलं तरच. एरवी यादी बघतो आणि उठून त्या खुर्चीपर्यंत जातो. माणूस जागेवर नसला तर फोन लावतो.

"दादा, तुमचं लायसन्स सोडू का?"

"थांब रे, हात धुतो नि आलोच. रायझर तेवढा ओढायचा राहिलाय."