जाड भिंतींच्या घरात वायफाय सर्वत्र पोहोचवताना

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागांतील घरांच्या जाड भिंती वायफायच्या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. त्यामुळे नवा राउटर घेण्याआधी असलेल्याची जागा बदलून पाहणे अगत्याचे आहे. तो शक्यतो घराच्या मध्यभागी, उंचावर, लोखंडी कपाट आणि मोठ्या आरशापासून दूर ठेवावा.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक पोहोचतात, तर ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी भिंतीगणिक तो झपाट्याने घटतो. म्हणून हे दोन्ही बँड (लहरींचे पट्टे) असलेलाच राउटर घ्यावा. दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या राउटरचा अडथळा होतो, तेव्हा २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल (बँडमधील उपविभाग) राउटरच्या सेटिंगमध्ये निवडावा.

वरच्या मजल्यासाठी रिपीटर (राउटरच्या लहरी पकडून पुढे पाठवणारे उपकरण) हा माझ्या मते शेवटचा पर्याय होय, कारण एकाच बँडवर घेणे आणि देणे दोन्ही करणारा रिपीटर वेग जवळपास निम्म्यावर आणतो. त्याऐवजी जिन्याच्या कडेने कॅट ६ केबल (नेटवर्कची तार) मुख्य राउटरपासून वर न्यावी आणि तिथे घरातला जुना राउटर बसवावा. थोडी खटपट पडते, पण ती सार्थकी लागते. त्या जुन्या राउटरला मुख्य राउटरच्याच मालिकेतील, पण दुसऱ्या कोणत्याही उपकरणाला न दिलेला आयपी पत्ता (नेटवर्कमधील उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) द्यावा, त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करावे आणि मगच केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातील उपकरणांसाठीच्या) जोडावी, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या) नव्हे. दोन्हीकडे वायफायचे नाव व पासवर्ड सारखे, मात्र चॅनेल वेगवेगळे ठेवावेत.