सीटी कोअर: भट्टीत घालण्याआधी आणि बाहेर काढल्यावर

करंट ट्रान्सफॉर्मरच्या (सीटी) कोअर विभागात नवा माणूस आला की त्याला एक कोडं लवकरच पडतं. पत्र्याचं सर्टिफिकेट उत्तम, तरी कोअरला मॅग्नेटायझिंग करंट (कोअर चुंबकित करायला लागणारा करंट) एवढा का लागतो? सर्टिफिकेटवरचे आकडे सपाट, सरळ पट्टीचे असतात. आपण तोच पत्रा स्लिट करून, म्हणजे उभ्या पट्ट्यांत कापून, गुंडाळतो.

सीआरजीओ (कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड) पत्र्यात सुमारे ३ टक्के सिलिकॉन असतं आणि त्याचे दाणे रोलिंगच्या दिशेला लागलेले असतात. त्या दिशेने हलका ओढा बसला तर फारसं बिघडत नाही, दाब बसला की डोमेनची (पत्र्यातल्या सूक्ष्म चुंबकीय भागांची) रचनाच बदलते आणि लॉस, म्हणजे उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा, वाढतो. गुंडाळलेल्या पट्टीची आतली बाजू दाबली जातेच. हिशेब सोपा आहे: जाडी भागिले व्यास. ०.२७ मिमीची पट्टी १०० मिमी व्यासावर गुंडाळली की पृष्ठभागावर ०.२७ टक्के विकृती येते, म्हणजे पत्रा कायमचा वाकण्याच्या बेतात. व्यास लहान असेल तर ॲनिलिंगला, म्हणजे भट्टीत तापवून ताण काढण्याला, पर्याय नाही. कडेची बर (कापताना उरलेली धारदार कड) ०.०२ मिमीच्या आत ठेवा. अरुंद पट्टीत कापलेल्या कडेचा वाटा मोठा, म्हणून कटर बोथट झाला की तिथे आधी कळतं.

भट्टीत कोरडा नायट्रोजन, सुमारे ८०० अंश सेल्सिअस आणि दोनेक तास सोक (त्याच तापमानावर ठेवणं). स्लिटिंगचं तेल आधी पुसून काढा, नाहीतर त्यातला कार्बन पत्र्यात शिरतो. कोअर सपाट प्लेटवर आडवे ठेवा. उंच थप्पी लावली तर खालचे चेपतात. थंड करण्याची घाई नको. आत-बाहेर तापमानात फरक पडला की काढलेला ताण परत बसतो. लेझर-स्क्राइब्ड (लॉस कमी करायला लेझरने रेघा मारलेले) ग्रेड मात्र भट्टीत घालू नका, स्क्राइबिंगचा फायदा निघून जातो.

तपासणीसाठी कोअरवर १० वेढे घ्या. २० × ३० मिमी छेद आणि ०.९६ स्टॅकिंग फॅक्टर (छेदात प्रत्यक्ष पोलादाचा वाटा) धरला तर ५० हर्ट्झला १.५ टेस्लासाठी १.९२ व्होल्ट लागतात. तेवढ्यावर करंट मोजा, मग ०.१ टेस्लाच्या आसपासही मोजा. दुसरं मोजमाप बरेच जण टाळतात. पण ०.२एस या अचूकता-वर्गाच्या सीटीला रेटेड करंटच्या १ टक्क्यावरही अचूकता द्यावी लागते, आणि तिथे फ्लक्स अगदी कमी असतो.

भट्टीतून निघालेला कोअर हातोडीने ठोकून गोल करायचा नाही, आपटायचा नाही, टेप करकचून आवळायची नाही. सगळ्यात फसवं प्रकरण इपॉक्सी कास्टिंगचं. रेझिन क्युअर होताना आकसतं आणि कोअर चहूबाजूंनी दाबतं. कोअरभोवती क्रेप पेपर किंवा फोमचा मऊ थर द्या. कास्टिंगआधीचा आणि नंतरचा करंट एकाच रजिस्टरमध्ये शेजारी लिहा; फरक दिसला तर आधी हा थर तपासा, पत्र्याच्या पुरवठादाराला फोन नंतर.