अमेरिकेतील अटीतटीचा अध्यक्षीय निकाल कसा अभ्यासावा

अध्यक्षपदाचा निकाल अटीतटीचा लागला की देशभरातील एकूण मतांचा आकडा प्रथम डोळ्यांत भरतो. अभ्यासाची सुरुवात मात्र तेथून करू नये. अध्यक्ष ठरतो तो राज्यांनी निवडलेल्या ५३८ प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टरांच्या मतांवर, आणि विजयासाठी २७० मते लागतात. मेन व नेब्रास्का वगळता राज्यात आघाडीवर असलेल्या उमेदवारालाच तेथील सर्व इलेक्टर मिळत असल्याने, ज्यांच्यावाचून कोणाचेही २७० भरत नाहीत अशी अल्प मताधिक्याची राज्ये आधी वेगळी काढावीत. २००० साली असे राज्य फ्लोरिडा होते. डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त पडली, तरी फ्लोरिडातील सुमारे साठ लाख मतांत ५३७ मतांनी पुढे राहिलेले रिपब्लिकन जॉर्ज बुश २७१ इलेक्टरांच्या बळावर अध्यक्ष झाले.

त्यानंतर मताधिक्याची तुलना बाद ठरलेल्या मतपत्रिकांशी करावी. ही पायरी कधीही गाळू नये, कारण खरी जखम बहुधा येथेच सापडते. फ्लोरिडात सुमारे पावणेदोन लाख मतपत्रिकांवर अध्यक्षपदासाठी ग्राह्य मत नोंदले गेले नव्हते. कोठे मत देण्यासाठी कार्डाला छिद्र पाडूनही कागदाचा तुकडा त्याला लटकत राहिला होता. तर पाम बीच काउंटीत (काउंटी म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) समोरासमोरच्या दोन पानांवर नावे आणि मधोमध छिद्रांची एकच रांग, अशा मांडणीमुळे अनेकांनी दोन छिद्रे पाडली. मतदान केंद्रापर्यंत आलेल्या माणसाचे मत मोजलेच जाऊ नये, ही मला कोणत्याही पराभवापेक्षा गंभीर गोष्ट वाटते. लटकता तुकडा मत मानावा की नाही, याचे निकष काउंटीगणिक बदलत होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली, त्यामागे हेही एक कारण होते.

आता प्रत्येक सुधारणा नेमक्या कोणत्या दोषावर आहे, हे तपासावे. छिद्रांची कार्डे बदलण्यासाठी राज्यांना निधी देणारा २००२ चा कायदा मतपत्रिकेच्या दोषावर होता. फ्लोरिडात आता फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्यास यंत्राने फेरमोजणी होते, ती मोजणीच्या दोषावर. २००० साली तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तेथे पडलेल्या ९७ हजारांहून अधिक मतांसारख्या मतविभागणीवर पसंतीक्रमाचे मतदान, म्हणजे उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देण्याची पद्धत, हा उपाय आहे, आणि मेनमध्ये २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत तो लागू होता. परंतु त्याने बाद मतपत्रिकांचा प्रश्न सुटत नाही. लोकमताची आघाडी व इलेक्टरांचा कौल यांतील विसंगतीवर देशभरात सर्वाधिक मते मिळवणाऱ्यालाच आपले इलेक्टर देण्याच्या राज्याराज्यांतील कराराचा प्रस्ताव आहे, पण सहभागी राज्यांचे इलेक्टर २७० झाल्याखेरीज तो अमलात येणार नाही.

शेवटी काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतील, इलेक्टरांच्या मतांची गणना पाहावी: २०२२ च्या कायद्यानुसार तेथे आक्षेप नोंदवण्यास दोन्ही सभागृहांतील प्रत्येकी एक-पंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागतो, आणि उपाध्यक्षांची भूमिका केवळ औपचारिक असते.