21 काउंट्या, 21 डबे: उरलेल्या नऊची तयारी

न्यू जर्सीत काउंट्या, म्हणजे जिल्हे, 21. प्रत्येकीत निदान एक तरी जिओकॅश शोधायचा आणि नकाशा पूर्ण रंगवायचा असं घरात ठरलंय, त्यातल्या वरच्या आणि मधल्या मिळून 12 झाल्या, खालच्या नऊ राहिल्यात आणि आता त्यांच्यासाठी निघायचंय. जिओकॅशिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: कोणीतरी डबा लपवतो, त्याचे कोऑर्डिनेट्स अ‍ॅपवर टाकतो, आपण शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. आई इथे आली होती तेव्हा अर्धा तास झुडपात शोधून झाल्यावर म्हणाली, "अरे, परत तिथंच ठेवायचा तर शोधायचा कशाला?" याला उत्तर नाही. असो.

पहिलं काम गाडीत बसायच्या आधीचं, कॅश नक्की कुठल्या काउंटीत आहे ते बघणं. कॅशच्या पानावर फक्त राज्य लिहिलेलं असतं, काउंटी नाही, आणि गावाच्या नावावर तर अजिबात जाऊ नका, कारण फ्रँकलिन टाउनशिप या एका राज्यात चार काउंट्यांमध्ये आहे आणि वॉशिंग्टन टाउनशिप पाच. आमची फजिती किंग्स्टनला झाली. तिथे रूट 27 हीच हद्द आहे, रस्त्याच्या एका अंगाला सॉमरसेट, दुसऱ्या अंगाला मिडलसेक्स, आणि थोडं पुढे नदी ओलांडली की मर्सर. आम्ही सॉमरसेट झालं म्हणून डोनट खात घरी आलो, रात्री नकाशा उघडला तर सॉमरसेट पांढरंफटक, आणि मिडलसेक्स, जिथे आम्ही राहतो आणि जिथले ढीगभर कॅशेस आधीच झालेत, तिथे अजून एक वाढलेला. पुढच्या रविवारी परत गेलो, फक्त रस्ता ओलांडायला. तेव्हापासून प्रोजेक्ट-जीसी या जिओकॅशिंगच्या साइटच्या काउंटी नकाशावर प्रत्येक कॅश आधी तपासते, आणि हद्दीला चिकटलेला असेल तर घेतच नाही.

दुसरं, एका काउंटीसाठी एक कॅश ठरवून निघायचं नाही, तीन ठरवायचे. मी निवडताना डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (वाट किती अवघड) दोन्ही पाचपैकी दीड-दोनच्या आतले बघते, साइज स्मॉल किंवा रेग्युलर, आणि मुख्य म्हणजे अ‍ॅपवरचे शेवटचे चार-पाच लॉग, म्हणजे आधी गेलेल्यांच्या नोंदी, वाचते. ओळीने तीन डीएनएफ असतील, म्हणजे लोकांना सापडलेला नाही, तर तो बहुतेक गायब झालाय, आपण काही जगावेगळे नाही आहोत की आपल्यालाच मिळेल. नॅनो, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी ती चुंबकाची डबी, काउंटी ट्रिपला बिलकुल नको, ती घराजवळ फावल्या वेळात शोधा. आणि एका ठिकाणी वीस मिनिटं, बास. नाहीतर नवरा एकेका झाडाशी हट्टाला पेटतो आणि अंधार पडतो.

आता रस्ता. एडिसनहून टर्नपाइक या टोलच्या हायवेने थेट खाली, एक्झिट 3 ला कॅम्डेन काउंटी, एक्झिट 2 ला ग्लॉस्टर, एक्झिट 1 ला सेलम. तिथून रूट 49 पकडायचा, तो सेलममधून कंबरलंड करत केप मेच्या हद्दीत जातो, मग रूट 50 ने वर अटलांटिक काउंटी आणि तिकडून गार्डन स्टेट पार्कवे. गंमत म्हणजे पार्कवे न्यू ग्रेटनापाशी, एक्झिट 50-52 च्या आसपास, बर्लिंग्टन काउंटीचं खालचं टोक कापून जातो, म्हणजे बर्लिंग्टनसाठी वेगळी ट्रिप काढायची गरज नाही. मग ओशन, मग मॉन्मथ, की घर. कागदावर नऊच्या नऊ एका दिवसात बसतात, पण मुलं बरोबर असतील तर करू नका, आम्ही केप मेला मुक्काम करणार आहोत आणि दुसऱ्या दिवशी 199 पायऱ्या चढून लाइटहाऊस पण बघणार आहोत. उन्हाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, सगळं राज्य बीचला निघालेलं असतं. डिसेंबरच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, तेव्हा जंगलात जायचं तर भडक केशरी जॅकेट घालून, नाहीतर नकोच. आम्ही ऑक्टोबर धरलाय.

पाइन बॅरन्स, म्हणजे खालच्या भागातलं पाइनचं जंगल, त्यासाठी वेगळी तयारी लागते. तिथे सिग्नलचा भरवसा नाही, त्यामुळे कॅशची लिस्ट आणि नकाशा दोन्ही आदल्या रात्री वायफायवर ऑफलाइन डाउनलोड करून ठेवायचे, आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून एकदा उघडतात का ते बघायचं, ही पायरी गाळू नका. तिथले कच्चे रस्ते साखरेसारख्या बारीक वाळूचे, साधी सेडान रुतते. आमच्या एका मित्राची रुतली, टो ट्रकला चार तास लागले, आणि कॅश होता तीनशे फुटांवर. डांबर संपलं की गाडी लावायची आणि चालत जायचं. गॅसची, म्हणजे पेट्रोलची, टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यायची, कारण न्यू जर्सीत स्वतः भरायची परवानगी नाही, अटेंडंट घरी गेला की पंप समोर असून उपयोग शून्य.

अंगावर काय, तर फुल पँट, ती मोज्यात खोचलेली, दिसते गबाळी पण गोचिडी आहेत आणि त्यांच्यातून लाइम नावाचा आजार होतो. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी मारून वाळू द्यायचं, अंगावर नाही. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कानामागे, केसात नीट बघायचं, मुलांचं आधी. आणि तीन-तीन पानांचा घोस दिसला की हात लावायचा नाही, पॉयझन आयव्हीची खाज दोन-दोन आठवडे जात नाही.

पिशवीत पेनं तीन आणि एक पेन्सिल, कारण कागद दमट असला की बॉलपेन उमटत नाही. भुवयांचा चिमटा, हा सगळ्यात कामाचा, बारीक नळकांडीतला गुंडाळलेला सहीचा कागद बोटांनी निघतच नाही आणि ओढाओढीत फाटतो. कोरड्या कागदाच्या दोन-चार पट्ट्या, झिपलॉक, टॉर्च, पॉवर बँक. मुलांना डब्यातली वस्तू घ्यायची असते, तर त्याच तोडीची किंवा बरी वस्तू ठेवायची हा नियम, म्हणून छोट्या गाड्या, बांगड्या, दिवाळीच्या उरलेल्या रंगीत पणत्या घेते. खाऊ मात्र कधीच ठेवायचा नाही, प्राणी डबा फोडतात. खाऊ गाडीत: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि चहाचा थर्मास.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. पार्किंग लॉटमध्ये दिव्याच्या खांबाचं पत्र्याचं झाकण उचलून आत हात घालणारी आपल्यासारखी माणसं बघून कोणीतरी पोलिसांना फोन करू शकतं. आम्हाला एकदा विचारलंय. पळायचं नाही, कुजबुजायचं नाही, हात मोकळे ठेवून सरळ जिओकॅशिंग म्हणायचं आणि अ‍ॅप दाखवायचं, तो पोलीस तर नंतर स्वतःच शोधायला लागला. बर्गन काउंटीत रविवारी बहुतेक मॉल बंद असतात, लॉट रिकामा म्हणून बरं वाटतं, पण रिकाम्या लॉटमध्ये आपण जास्तच उठून दिसतो. पूल, रेल्वे, शाळा यांच्या आसपासचे मी यादीतूनच काढून टाकते.

अ‍ॅपवर लॉग त्या-त्या ठिकाणीच तारखेसकट टाकायचा, घरी जाऊन टाकू म्हटलं की सात डबे डोक्यात एकमेकांत मिसळतात. आणि सहीचा फोटो काढायच्या आधी डबा बंद करू नका, माझ्या 12 पैकी दोन काउंट्यांचे फोटो नुसत्या झाकणाचे आहेत.