इंग्लंडमध्ये भाड्याच्या खोलीत काळी बुरशी: शेवटी काय लागू पडलं

लेस्टरला शिकताना माझ्या पलंगामागची भिंत ऑक्टोबरपासून ओलीच असायची. कुबट वास, काळे ठिपके. आईने दिलेल्या गोधडीलाही बुरशी धरली. ब्लीचने पुसलं, आठवड्यात परत. एजंटला फोन केले की उत्तर एकच, "खिडकी उघडी ठेवा." खोकत काढलेल्या त्या रात्रींचा संताप अजून जात नाही.

मग पावसात बाहेर जाऊन पाहिलं: फुटक्या पन्हळीचं पाणी थेट त्याच भिंतीवर. व्हिडिओ घेतला, तारखेसह फोटो काढले. मालक आणि एजंट दोघांना ईमेल केला: १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ प्रमाणे भिंती, पन्हळी, बाहेरचे पाइप यांची दुरुस्ती मालकाकडे, १४ दिवसांत करा. (मुदत मी ठरवलेली.) पंधराव्या दिवशी तोच ईमेल जोडून कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाकडे तक्रार केली. अधिकारी भिंत तपासून गेले, मालकाला पत्र गेलं, पन्हळ बदलली. रंग मात्र भिंत पूर्ण सुकल्यावरच लावून घेतला.

भाडं एकदाही थांबवलं नाही. थकबाकी झाली की घर सोडायला लावायचं कारण मालकाला आयतं मिळतं.