लॅबमधल्या कॉम्प्युटरवरून उठण्याआधी

कॉलेजच्या लॅबमध्ये ईमेल उघडायचाच असेल, तर ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो वापरा. अशा सगळ्या विंडो बंद केल्या की लॉगिन आणि हिस्ट्री ब्राउझरमध्ये उरत नाही. डाउनलोड केलेल्या फाइल्स मात्र तशाच राहतात, आणि नेमकं हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. ओळखपत्राची प्रत, गुणपत्रिका असं काही उतरवलं असेल तर डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामी करा. लॉगआउट करायचं राहिलंच, तर घाबरू नका: फोनवर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात डिव्हाइसची यादी असते, तिथून तो कॉम्प्युटर साइन आउट करता येतो. बँकेचे व्यवहार लॅबमधल्या कॉम्प्युटरवर नकोतच. टाइप केलेलं टिपून घेणारा प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये असेल, तर इनकॉग्निटो त्याला अडवू शकत नाही.