मिरचीचं रोप लांबुडकं होऊ नये म्हणून

भिवापुरी असो की संकरित, मिरचीचं बी उगवायला 8-10 दिवस लागतात. तोवर ट्रे झाकलेला चालतो. पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी झाकण काढा, संध्याकाळची वाट पाहू नका. सगळ्यात जास्त रोपं इथंच बिघडतात. अंधारात जिबरेलिन आणि ऑक्झिन ही रोपातली वाढीची संप्रेरकं खोडाच्या पेशी ताणतात. दोन दिवसांत रोप सुतासारखं, पिवळट होतं आणि जरा पाणी जास्त झालं की कोलमडतं.

ट्रे कडुलिंबाखाली ठेवू नका. पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा प्रकाश कमी, अतितांबडा (तांबड्याच्या पलीकडचा) जास्त असतो. रोपातलं फायटोक्रोम हे उजेड ओळखणारं प्रथिन त्यावरून गर्दी ओळखतं आणि खोड लांबवतं. गादीवाफ्यावर दाट पेरलं तरी हेच होतं, म्हणून ओळींत 8-10 सेंमी अंतर ठेवाच. मोकळ्या जागी 50 टक्के शेडनेट बरी.

रोपं एका बाजूला झुकली? सावलीकडच्या बाजूला ऑक्झिन साचलंय, म्हणून ती बाजू जास्त लांबतेय. ट्रे रोज फिरवा.

लागवडीआधी 7-8 दिवस नेट हळूहळू काढा, आधी फक्त सकाळी 2 तास. आपल्याकडचं जूनचं ऊन एकदम लागलं तर पानं पांढरी पडतात.